आधी दारू सुटू दे, मग मनाचं बघू

मधुमेहाच्या पेशंटला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती, पायाला मुंग्या येतात का, डोळे कधी दाखवले होते. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत किती वर्षं घेताय, रोज किती, सकाळी उठल्याउठल्या लागते का, असं विचारतात. ‘झोप कशी लागते’ आणि ‘कशात मन लागतं का’ हे दोन प्रश्न मात्र दोन्हीकडे क्वचितच कानावर पडतात. डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरंच आहे. पण घरीही ते कोणी विचारत नाही, कारण उत्तरं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेली असतात. ती ठरलेली उत्तरं वेगवेगळ्या तोंडून येतात, पण बहुतेकांच्या तळाशी समजूत एकच असते: शरीराचं आधी, व्यसनाचं आधी, मनाचं नंतर. ते ‘नंतर’ सहसा उजाडत नाही.

‘एवढा आजार म्हटल्यावर माणूस खचणारच. त्यावर कसला उपचार?’

हा सगळ्यात सभ्य गैरसमज. सहानुभूतीच्या सुरात बोलला जातो, त्यामुळे त्याला कोणी अडवतही नाही.

डायलिसिसच्या सकाळच्या पाळीत आल्याआल्या वजन करतात. मागच्या वेळेपेक्षा अडीच-तीन किलो वाढलेलं दिसलं की टेक्निशियन काही न बोलता आकडा लिहून घेतो आणि पेशंट मान खाली घालतो. ते अडीच किलो म्हणजे मधल्या दोन-तीन दिवसांत पोटात गेलेलं पाणी, चहा, ताक, आमटी. मग चार तास खुर्चीत. आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा. सुईसाठी फिस्चुला केलेल्या हातानं भाजीची जड पिशवीही उचलायची नाही. नोकरी बहुधा सुटलेलीच असते. अशा माणसाला उदास वाटलं तर नवल ते काय, असं आपण म्हणतो. नवल नाहीच. पण मोटारसायकलवरून पडल्यावर पाय मोडणारच, म्हणून कोणी प्लास्टर घालायचं सोडत नाही.

शिवाय सगळेच खचतात हेही खरं नाही. समोर बसवून, मुलाखत घेऊन निदान केलेल्या अभ्यासांत डायलिसिसवरच्या साधारण चारांतल्या एकाला नैराश्याचा आजार आढळतो. उरलेल्या तिघांचीही सुई तीच आणि पाण्याचं मोजमाप तेच. ते दुःखी असतात, चिडतात, अधूनमधून रडतात, पण आजारी नसतात. नुसती प्रश्नावली भरून घेतली की हा आकडा बराच फुगतो. थकवा, झोप न लागणं, अन्नावरची वासना उडणं ही नैराश्याची लक्षणं आहेत, तशीच निकामी झालेल्या किडनीचीही. म्हणून जाणता डॉक्टर दुसरंच काही शोधतो. नात येऊन बिलगली तरी आत काही हलत नाही, मॅच लागलेली असते पण बघावीशी वाटत नाही, ‘माझ्यामुळे घर बुडालं’ हे वाक्य दिवसातून चारदा तोंडात येतं, आणि हे सगळं दोन आठवडे जवळपास रोज चाललेलं असतं. अशा वेळी ‘साहजिक आहे’ म्हणून सोडून देणं चूक.

हृदयाच्या बाबतीत हे फार पूर्वीच दिसलं आहे. १९९३ साली माँट्रियलच्या संशोधकांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा माग ठेवला. नैराश्य असलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यू जास्त होते, हृदय किती कमकुवत झालंय याचा हिशेब धरूनही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नैराश्यावर उपचार केल्यानं आयुष्य वाढतं, असं नंतरच्या मोठ्या चाचण्यांत स्पष्ट दिसलेलं नाही. सुधारते ती मनःस्थिती. माझ्या मते तेवढं कारण उपचाराला पुरेसं आहे.

‘मन खंबीर ठेवा, आजार आपोआप पळेल’

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला आलेला प्रत्येक जण हे ऐकवून जातो. त्याचा अर्थ पेशंट असा लावतो की आजार बळावला तर दोष माझाच, मीच मन खंबीर ठेवलं नाही. गाठीशी लढायचं ते लढायचं, वर हा आळही वाहायचा.

प्रत्यक्षात कित्येकदा मनाचा तोल आजारानं किंवा औषधानंच बिघडवलेला असतो. थायरॉइड मंदावलं की माणूस हुबेहूब नैराश्य आल्यासारखा दिसतो. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काहींचं बी-१२ जीवनसत्त्व घटतं, पेशंट शाकाहारी असेल तर आणखीच, आणि त्यानं विसराळूपणा, उदासी येऊ शकते. स्टेरॉइडवर असलेला दम्याचा किंवा संधिवाताचा पेशंट रात्र रात्र जागा राहतो, वाजवीपेक्षा जास्त उत्साहात येतो किंवा एकदम कोसळतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर सायक्लोसेरीन नावाचं औषध वापरतात, त्यानं भास होणं, टोकाची निराशा येणं हे पुस्तकात नोंदलेले दुष्परिणाम आहेत. घरच्यांना हे आधी सांगितलेलं नसेल, तर ते भगताकडे जातात किंवा गोळ्या बंद करतात. दोन्हींत क्षयाचंच फावतं.

गंमत अशी की क्षयाच्याच औषधानं नैराश्याच्या उपचाराचं दार उघडलं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात क्षयरोग्यांना आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड ही नवी औषधं दिली जात होती. खाटेला खिळलेली माणसं उठून वॉर्डात नाचतायत, असे फोटो तेव्हा छापून आले. फुप्फुसं पूर्ण बरी व्हायच्या आधीच त्यांची मरगळ गेली होती. इप्रोनियाझिड पुढे नैराश्यावरचं पहिलं औषध म्हणून वापरलं गेलं. यकृताला बाधतं म्हणून नंतर ते मागे पडलं, तो भाग वेगळा.

‘शुगरच तर आहे, एवढं काय टेन्शन घ्यायचं?’

हे सांगणारा आणि लग्नाच्या पंगतीत ‘एका लाडवानं काय होतंय’ म्हणणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. मधुमेह नसलेल्यांच्या मानानं मधुमेहींमध्ये नैराश्य साधारण दुपटीनं आढळतं. त्याखेरीज एक वेगळा त्रास आहे, त्याला नैराश्य म्हणता येत नाही. भाताचा प्रत्येक घास मोजायचा, बोट टोचायचं, आकडा वाढला की बायकोचा किंवा मुलाचा चेहरा बघायचा, हे वर्षानुवर्षं करून आलेला वीट. अशा माणसाचं बाकी सगळं ठीक असतं. मित्रांत हसतो, कामावर जातो, फक्त ग्लुकोमीटर कपाटाच्या मागे टाकून देतो. त्याला नैराश्याची गोळी देऊन उपयोग नाही. त्याच्या वेळापत्रकातलं ओझं कमी करावं लागतं आणि घरच्यांना फौजदारकी बंद करायला सांगावं लागतं.

उलटी चूकही होते. दरदरून घाम, धडधड, हात थरथरणं, जीव घाबरणं, हे सगळं ‘टेन्शन’च्या खात्यात जमा होतं आणि असतं ते रक्तातली साखर उतरल्यामुळे. इन्सुलिनवर असलेल्या माणसाला असं झालं तर आधी साखर तपासायची. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर साखरपाणी द्यायचं आणि धीर त्यानंतर.

‘आधी दारू सुटू दे, मग मनाचं बघू’

आता मूळ मुद्द्यावर येऊ, कारण इथे अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यानं माणसं जातात.

दारू स्वतःच मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याची उदासी, चिडचिड, तुटक झोप यांतला मोठा हिस्सा दारूचाच असतो, आणि पिणं थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत तो ओसरताना दिसतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी नैराश्याचा शिक्का न मारता थोडं थांबणारा डॉक्टर आळशी नसतो, शहाणा असतो. पण ज्याची उदासी चार आठवड्यांनीही हलत नाही त्याचं काय? ज्याला पहिला पेग घ्यायच्या कितीतरी आधी, कॉलेजात असतानाच चार लोकांसमोर बोलताना घाम फुटायचा त्याचं काय? अशांच्या बाबतीत दारू नंतर आली. लोकांसमोर जायची भीती बहुतेकदा पौगंडावस्थेतच सुरू होते, आणि क्वार्टर पोटात गेल्यावर ती तासाभरात विरते हे एकदा कळलं की तो माणूस पुढची पंधरा वर्षं तेच औषध घेतो. त्याची दारू काढून घेतली की भीती तशीच उघडी पडते. मग महिन्याभरात तो पुन्हा प्यायला लागतो आणि घरचे म्हणतात, याला सुधारायचंच नाही.

आपल्या व्यवस्थेचीही यात वाटणी झालेली आहे. कुठे मानसोपचाराच्या दवाखान्यात सांगतात, आधी दारू सोडून या. कुठे व्यसनमुक्ती केंद्रात सांगतात, मनाच्या गोळ्या इथे चालणार नाहीत. पेशंट दोन दारांमध्ये हेलपाटे घालतो आणि मध्ये वाटेवर बार असतोच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजारावर उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ८६ टक्के निघालं होतं.

ही वाटणी अटळ नव्हती, हे पुण्यात दिसून आलेलं आहे. ऐंशीच्या दशकात शहरात ब्राऊन शुगर पसरली, लेखक अनिल अवचटांनी या गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते सुरू झालं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि चालवलं तिथेच मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी. १९९७ साली कॅन्सरनं त्या गेल्या. आजारपणाच्या काळातही त्यांचं काम चालू होतं.

कायद्यानंही ही फूट मानलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. शरीराच्या आजाराला जसा विमा मिळतो तसाच मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे, असंही त्यात आहे. क्लेम करताना हे माहीत असलेलं बरं.

‘मनात आणलं तर एका दिवसात सोडेल’

एका दिवसात सोडता येते, आणि ते जिवावरही बेतू शकतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना वाताचा झटका येतो.

हाडांच्या वॉर्डातल्या नर्सना हे चांगलं ठाऊक असतं. पाय मोडून माणूस भरती होतो, ऑपरेशन नीट होतं, ‘दारू वगैरे काही नाही’ असं घरच्यांनी फॉर्मवर लिहिलेलं असतं. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागतो. भिंतीवर मुंग्या दिसतात. गोठ्यातल्या म्हशीला हाका मारतो, सलाइन उपटतो, प्लास्टर घातलेल्या पायावर उभा राहायला बघतो. अंग तापलेलं, नाडी पळतेय, घामानं गाऊन भिजलेला. ‘हॉस्पिटलातलं बाहेरचं काहीतरी लागलं,’ असं बाहेर बसलेली मावशी म्हणते. हे वेडही नसतं आणि भूतही नसतं. वेळेवर औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व मिळालं तर बहुतेक जण काही दिवसांत भानावर येतात, नाही मिळालं तर दगावू शकतात. फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी औषध सुरू झालं असतं. अब्रू वाचवायला लपवलेली ही एक ओळ फार महाग पडते.

म्हणून पिणाऱ्याला खोलीत कोंडून, दोरीनं बांधून दारू ‘उतरवण्याचा’ घरगुती उपाय करू नये. डॉक्टरांच्या नजरेखाली, गोळ्यांचा डोस रोज उतरवत आणायचा, हा सुरक्षित मार्ग आहे.

‘त्याला कळू न देता चहातून गोळी द्यायची’

एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘पिणाऱ्याच्या नकळत’ दारू सोडवून देणारे भरपूर आहेत. अशा पुड्यांत काय असतं ते विकणाराच जाणे. पण डायसल्फिराम हे खरंखुरं औषधही कित्येक घरांत असंच भाजीतून दिलं जातं. ते शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. त्यावर प्यायलं की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असलेला माणूस यात मरू शकतो. ते घ्यायचं तर पिणाऱ्यानं स्वतः समजून, कबूल होऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. वैतागलेल्या बायकोला दोष द्यायला जीभ रेटत नाही. तिला कोणी दुसरा रस्ताच दाखवलेला नसतो. तिची झोप उडालेली असते, दाराची कडी वाजली की पोटात गोळा येतो, आणि पेशंट म्हणून तिच्या नावाचा केसपेपर मात्र कुठेच निघत नाही. मुक्तांगणनं बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला तो याचसाठी.

‘मनाच्या गोळ्या म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं’

नैराश्यावरच्या हल्लीच्या गोळ्यांनी नशा चढत नाही, तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. त्या लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात ‘काही फरक नाही’ म्हणून लोक त्या सोडतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून हळूहळू कमी करायच्या. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. अल्प्राझोलाम जुन्या चिठ्ठीवर, कधी चिठ्ठीशिवायही काउंटरवरून मिळते आणि दारूच्या पेशंटला तर तिचा विळखा लवकर बसतो, वर दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका. लोकांची भीती खरी आहे, पण ती भलत्या गोळीवर निघते. ज्यांना घाबरायला हवं त्या मुकाट गिळल्या जातात.

‘तंबाखूनं डोकं शांत राहतं’

मळलेली चिमूट ओठाखाली गेली की शांत वाटतं, कारण तासाभरापूर्वी संपलेल्या चिमटीनंच बेचैनी आणलेली असते. मशेरी लावणाऱ्या बायकांचंही तेच. सोडल्यावर पहिले काही आठवडे वाईट जातात. पण सिगारेट सोडलेल्यांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासांत काही महिन्यांनी त्यांची चिंता आणि उदासी, सोडली नसलेल्यांपेक्षा कमी झालेली दिसते.

‘मरणाचा विषय काढला तर नसतं डोक्यात येईल’

येत नाही. ‘जगणं नकोसं वाटतं का, स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का,’ असं सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच सुटका झाल्यासारखा अनुभव येतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दारू सुटण्याची, शुगर उतरण्याची किंवा महिना भरण्याची वाट इथे बघायची नाही. पोलीस केसच्या भीतीनं काही जण दवाखाना टाळतात. २०१७ चा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

‘समुपदेशन वगैरे पैसेवाल्यांची थेरं’

याला गोव्यानं दिलेलं उत्तर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. तिथली ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून काम करते. विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन चाचण्या केल्या आणि त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. आसपासचीच, स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण दिलेली माणसं होती ती. तीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटींत त्यांनी शिकवलं ते अगदी साधं: सुटून गेलेली कामं आणि माणसं एकेक करून परत धरायची, आठवड्याला काय जमलं ते लिहायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारावरच्या गटात ३९ टक्के. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी चारपर्यंत भेटी होत्या, आणि पिणं धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के निघालं. दारूच्या भेटींनी बायकोवर उठणाऱ्या हातात मात्र फरक दिसला नाही. मारहाण ही दारूचीच करणी, असं समजून नवऱ्याला माफ करत राहणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

मधुमेहाबाबतही असंच काम झालं आहे. चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणमच्या चार मधुमेह केंद्रांत नैराश्य आणि मधुमेह दोन्ही असलेल्या ४०४ जणांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटात दोन्हींचा पाठपुरावा एकच समन्वयक करत होता, शुगरचा आकडाही तोच विचारायचा आणि मनही. नैराश्य आणि त्याबरोबर शुगर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांतलं काहीतरी सुधारलेले लोक या गटात जास्त निघाले. कोणी ‘आधी हे, मग ते’ केलं नाही.

असा समन्वयक आपल्या तालुक्याला मिळेल तेव्हा मिळेल. तोवर केसपेपरबरोबर एक चिठ्ठी लिहून न्यायला हरकत नाही: किती दिवसांपासून मन लागत नाही, झोप किती तास, रोज किती पितो किंवा तंबाखू किती, आणि घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, झोपेच्या गोळीसकट. डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या दोन मिनिटांत तोंडून यातलं निम्मंही निघत नाही. चिठ्ठी फाइलीत शुगरच्या रिपोर्टच्या वर लावायची, खाली नाही.